दिवेलागणीपर्यंत
(स्नेहमिलन सोहळ्यात केलेले भाषण)



'आपलं बालपण' या विषयावर पाच मिनिटं बोल, असं मला सांगण्यात आलं. शाळेत असताना सर मला म्हणायचे, "पाच मिनिटं गप्प बस." पंचेचाळीस वर्षांत एवढी तरी प्रगती झाली.

सकाळपासून इथे एकच वाक्य ऐकतो आहे, आपल्यासारखं बालपण आजच्या पोट्ट्यांना नाही. खरं आहे. भाड्याची सायकल घ्यायची, पाय पुरत नाहीत म्हणून कैची मारत महालातून थेट कस्तुरचंद पार्क गाठायचा. मे महिन्याच्या दुपारी मोठी माणसं खसच्या ताट्यांआड झोपली की खिशात कांदा घालून आपण बाहेर. लू लागू नये म्हणून कांदा, बाकी काळजी कांद्याने करायची! संक्रांतीला 'ओ काट' ओरडत कौलांवरून पतंगामागे धावायचो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मारबतीच्या गर्दीत घुसायचं आणि संध्याकाळी तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल ओढत अनोळखी घरीही बोजारा मागायचा. घरचा नियम एकच होता, दिवेलागणीच्या आत परत.

पण आपल्यावर कोणाचं लक्ष नव्हतं, हे मात्र खोटं. सातवीत असताना मी बडकस चौकाजवळ एक बिडी ओढून पाहिली. घरी पोचायच्या आत बातमी आईकडे पोचली होती. पानठेलेवाला, सायकलवाला, ओट्यावर तांदूळ निवडत बसलेल्या आज्या, सगळे आपल्याकडे बघत होते. आपल्याला ते दिसत नव्हते, एवढंच.

काल चहाच्या वेळी आपल्याच वर्गातली एक मैत्रीण म्हणाली, "हे तुमचं बालपण झालं. आमचं विचारा." मी विचारलं. ती म्हणाली, "आम्हाला भुलाबाईचा एक महिना मिळायचा. अंधार पडल्यावरही घरोघरी जाऊन गाणी म्हणायची, खाऊ ओळखायचा. कोजागिरी झाली की पुन्हा घरात." हे मला इतक्या वर्षांत सुचलंच नव्हतं. तिची मी आज सर्वांसमोर माफी मागतो.

आणखी एक गोष्ट आहे, ती आपण दर वेळी टाळतो. आठवीच्या सुट्टीत आपण पाच जण तलावावर गेलो होतो. पोहता एकालाही येत नव्हतं. चौघे परत आलो. त्याचं नाव घेत नाही, सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच्या आईने मला त्या दिवसाबद्दल कधीच काही विचारलं नाही. दर संक्रांतीला तिळगूळ मात्र हातावर ठेवत राहिली. त्या बालपणाची आठवण काढताना त्यालाही धरूनच हिशेब मांडायला हवा.

मी बाप झालो तेव्हा मुलाला पाण्याजवळ जाऊच दिलं नाही. पोहायला शिकवायला हवं होतं. मी भीती शिकवली. आता नातू दहा वर्षांचा आहे. व्हॅनने शाळा, व्हॅनने क्लास, आणि तो कुठे आहे ते माझ्या मोबाईलवर दिसतं. रस्ते तेव्हाचे राहिले नाहीत, हेही खरं. नायलॉन मांजावर २०१७ साली देशभर बंदी आली, तरी संक्रांतीला गळ्याभोवती मफलर गुंडाळूनच स्कूटर काढावी लागते.

मागच्या महिन्यात मी नातवाला एकट्याला कोपऱ्यावरून दही आणायला पाठवलं आणि लपतछपत त्याच्या मागे गेलो. तो वळलाच नाही. दुकानाजवळ पोचल्यावर मोठ्याने म्हणाला, "आबा, तुम्ही मागे आहात ते मला माहीत आहे." पण दही त्यानेच घेतलं, उरलेले पैसे मोजून घेतले, आणि घरी येईपर्यंत त्याची मान ताठ होती.

तेव्हा मित्रहो, ते दिवस गेले म्हणून हळहळू नका. आपल्याला मोकळं सोडता येत होतं, कारण ओट्यावर माणसं बसलेली होती. आता ओट्यावर बसायची पाळी आपली आहे. आपण बहुतेक निवृत्त झालो आहोत, वेळ आहे. रोज संध्याकाळी तासभर फाटकाबाहेर खुर्ची टाकून बसा. मोबाईल घरात ठेवा. गल्लीतल्या पोरापोरींची नावं माहीत करून घ्या. मुलींनाही तेवढाच वेळ खेळू द्या. आणि सगळ्यांना आधी पोहायला शिकवा. एवढं आपल्या त्या मित्रासाठी करूया.

सर, पाच मिनिटं झाली. आता गप्प बसतो.