बर्गहेडचा अग्नी



स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील बर्गहेड या गावी नववर्षाचा अग्नी ११ जानेवारीच्या रात्री पेटतो. ब्रिटनने १७५२ मध्ये ग्रेगोरियन कालगणना स्वीकारली, तेव्हा पंचांगातून ११ दिवस गळाले. राज्यकारभार नव्या तारखांनी चालू लागला. बर्गहेडकरांनी मात्र जुनीच रात्र धरून ठेवली.

या अग्नीस ‘क्लेव्ही’ म्हणतात. अर्धे लाकडी पिंप दांड्यावर खिळ्याने ठोकायचे, त्यात डांबर व लाकडे भरायची आणि ते धगधगते ओझे आळीपाळीने डोक्या-खांद्यावर घेऊन गावभर मिरवायचे. खिळा ठोकावयास हातोडा चालत नाही, दगडच लागतो! वाटेत घरोघरी जळकी लाकडे दिली जातात आणि वर्षभराचे मंगल म्हणून ती स्वीकारली जातात. महाराष्ट्रात होळीचा विस्तव घरी नेणाऱ्यांना यात परके असे काय वाटावे? शेवटी, जेथे प्राचीन पिक्ट लोकांचा दुर्ग होता त्या टेकडीवर क्लेव्ही जळू देतात.

हे सुखासुखी टिकलेले नाही. धर्मसुधारणेनंतर तेथील चर्च इतके कठोर झाले की, १६४० मध्ये संसदेने नाताळची सुट्टीदेखील रद्द केली. ती १९५८ मध्ये परत मिळाली. क्लेव्हीलाही चर्चने पाखंड ठरविले. त्या किनाऱ्यावरील अन्य गावांच्या क्लेव्ही विझल्या. बर्गहेडची टिकली, ती राजाश्रयावर नव्हे. ती वाहणारे गावचेच असतात. त्यांच्या प्रमुखास ‘क्लेव्हीचा राजा’ म्हणतात. त्या रात्रीपुरते गावाला दुसऱ्या राजाचे काम पडत नाही.