निस्तारपत्रक कोणाच्या कपाटात?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संक्षेप)



माहितीचा अधिकार म्हटले की आपल्यापुढे २००५ चा कायदा, दहा रुपयांचा अर्ज आणि तीस दिवसांची मुदत एवढेच उभे राहते. त्यापूर्वी महाराष्ट्राने २००० साली स्वतःचा कायदा केला होता आणि तो अपुरा ठरल्याने पुढे बदलावा लागला, हेही आपणांस ठाऊक आहे. परंतु चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशात सरकारी कागदाचा प्रश्न या कायद्यांहून पुष्कळ जुना आहे, आणि तो थेट चुलीशी व गोठ्याशी निगडित आहे.

निस्तार हा शब्द पश्चिम महाराष्ट्रातील कार्यकर्त्यांस कदाचित अपरिचित असेल. जळाऊ लाकूड, घराला बांबू, गुरांना चराई, छपराला गवत, अशा नित्याच्या गरजा जंगलातून भागविण्याचा गावाचा हक्क म्हणजे निस्तार. हा भाग जुन्या मध्यप्रांतातला. १९५० च्या कायद्याने मालगुजारी व जमीनदारी संपली आणि त्यांच्याकडील जंगले सरकारजमा झाली. जमीनदार गेला हे उत्तमच झाले. पण गावाच्या वाट्याला त्याच्या जागी वनखाते आले. गावाचे हक्क मात्र कागदावर शिल्लक राहिले. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत कलम १६१ निस्तारपत्रकासंबंधी आणि कलम १६५ वाजिब-उल-अर्जासंबंधी आहे. १९५६ मध्ये प्रांत बदलला, १९६० मध्ये राज्य बदलले, १९८२ मध्ये गडचिरोली हा वेगळा जिल्हा झाला. कागद कोठल्या ना कोठल्या कपाटात राहिला. ज्याचा हक्क त्यात लिहिला होता, त्याने तो बहुधा पाहिलाच नव्हता.

अर्थशास्त्रात ‘माहितीची विषमता’ या विषयावरील कामाबद्दल २००१ मध्ये तिघा अर्थशास्त्रज्ञांस नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे सिद्धान्त मी वर्षानुवर्षे वर्गात शिकविले. परंतु त्याचे सर्वांत उघडे उदाहरण आपल्या बांबूच्या व्यवहारात आहे. कागद कारखान्यास कराराच्या अटी ठाऊक, स्वामित्वशुल्क ठाऊक, लगद्याचा उतारा ठाऊक आणि बाजारभावही ठाऊक. बांबू तोडणाऱ्या गोंड मजुरास ठाऊक काय, तर दिवसाची मजुरी. असा व्यवहार दोन समान पक्षांचा कसा म्हणावा? एका पक्षाच्या डोळ्यांवर पट्टी बांधून केलेला तो लिलाव होय.

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाने ही पट्टी कशी सोडविली, हे आपण नीट अभ्यासावे. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची नावे सर्वश्रुत आहेत. पण त्या गावाचा खरा कणा होता तो अभ्यासगट. निर्णय ग्रामसभेत सर्वसहमतीने घ्यायचा, आणि त्याआधी अभ्यासगटात कायदा व कागद समजून घ्यायचे, अशी ती रीत. पुढे २००६ चा वनहक्क कायदा आला आणि २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. तरीही बांबूच्या वाहतुकीचा परवाना मिळेना. वनखाते १९२७ च्या कायद्याकडे बोट दाखवीत होते. गाव २००६ च्या कायद्यातील व्याख्येकडे, जिच्यात बांबूचा गौण वनोपजांत स्पष्ट उल्लेख आहे. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन वाहतूक परवान्यांचे पुस्तकच ग्रामसभेच्या हाती दिले. मंत्र्याचे कौतुक अवश्य करावे, पण ती ओळ गावाने आधी वाचून ठेवली नसती तर मंत्री तरी कशासाठी येते?

आता आपल्या कामाकडे वळतो. वनहक्काच्या नियमांतील नियम ६ प्रमाणे वन व महसूल विभागांचे नकाशे आणि मतदारयाद्या ग्रामसभेस पुरविणे हे उपविभागीय समितीचे कर्तव्य आहे. नियम १३ मध्ये पुरावा म्हणून नकाशे, कार्य आयोजना, बंदोबस्त अहवाल, हक्कनोंदी आणि वडीलधाऱ्यांचा जबाबही चालतो. म्हणजे ज्याने पुरावा मागायचा, त्याच्याच दप्तरात तो पडून आहे, आणि दावा मात्र पुराव्याअभावी अडतो! चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावास २०१२ मध्ये हक्क मिळाला, गडचिरोलीत हजाराहून अधिक गावांस मिळाला. ज्या गावांचे दावे अजून रखडले आहेत, त्यांच्याकडे आपले लक्ष हवे. तेथे अर्जावर अर्ज करण्याआधी नियम ६ खाली नकाशे मागा. माहिती कायद्याचे कलम ४ तर न मागता माहिती द्या असे सांगते, आणि तीही स्थानिक भाषा ध्यानात घेऊन. एटापल्ली-भामरागडच्या माडिया माणसाची भाषा कोणती? २०२२ मध्ये सुरजागड खाणीच्या विस्ताराची जनसुनावणी झाली ती खाणीपासून शंभराहून अधिक किलोमीटरवर, गडचिरोलीच्या जिल्हा मुख्यालयी. मराठीत छापलेला सारांश कायद्यापुरता पुरेसा असेल. ज्यांचा डोंगर खणला जातो त्यांच्यासाठी तो पुरेसा नाही.

कायद्याचीही झीज चालू आहे. २०१९ च्या दुरुस्तीने माहिती आयुक्तांचा कार्यकाळ व वेतन केंद्राच्या हाती गेले. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने कलम ८ मधील व्यक्तिगत माहितीच्या अपवादाचे पोट फुगविले. उद्या मोबदला कोणास मिळाला, हे विचारले तर ‘व्यक्तिगत’ म्हणून नकार येऊ शकेल. त्याच कलमातील जनहिताची तरतूद अद्याप शिल्लक आहे. अर्जात तिचा आधार घेण्यास विसरू नका. आणि अधिकाऱ्यास भेडसावण्यासाठी अर्ज करणारे जे महाभाग आपल्यातही निर्माण झाले आहेत, त्यांना आवरा. ते या कायद्याच्या शत्रूंचेच काम सोपे करीत आहेत.

एक अप्रिय गोष्टही बोलतो. तेंदू आणि बांबू विकून आज ग्रामसभांकडे मोठ्या रकमा येतात. कंत्राटदाराशी होणारा करार किती जणांनी वाचलेला असतो? शेजारच्या ग्रामसभेला काय दर मिळाला, हे किती जणांस कळते? कपाट वनखात्याचे असो वा आपल्याच अध्यक्ष-सचिवांचे, कुलूप ते कुलूपच. तेंदूचा हंगाम उन्हाळ्यात येतो. सही होण्यापूर्वी प्रत्येक करार ग्रामसभेत गोंडी-माडियात मोठ्याने वाचला जावा, आणि बोनसचा हिशेब नावानिशी गोटुलात लावला जावा, एवढे काम या वर्षी आपण अंगावर घ्यावे, अशी माझी विनंती आहे.