पाणी तापविण्याची खरी किंमत



दिल्लीच्या जानेवारीत गच्चीवरील टाकीतले पाणी पहाटे हाताला सोसवत नाही. अशा वेळी स्नानाचे पाणी तापविणे ही चैन नव्हे, गरजच होय. ती कशाने भागवावी, हा प्रश्न मात्र विचार करण्याजोगा आहे.

प्रथम हिशेब. एक लिटर पाण्याचे तापमान एक अंशाने वाढविण्यास एक किलोकॅलरी उष्णता लागते. पाच माणसांच्या कुटुंबाला रोज 20 लिटरांच्या पाच बादल्या लागतात असे धरल्यास, 15 अंशांचे हे 100 लिटर पाणी 40 अंशांवर नेण्यास 2,500 किलोकॅलरी हव्यात. विजेच्या एका युनिटातून 860 किलोकॅलरी मिळतात. म्हणजे रोज सुमारे तीन युनिटे झाली.

विजेचा गिझर घेतलेल्या विजेची जवळजवळ सारी उष्णता पाण्याला देतो, म्हणून तो वरकरणी निर्दोष वाटतो. परंतु औष्णिक केंद्रात कोळशाच्या उष्णतेपैकी सुमारे एक तृतीयांश भागाचीच वीज होते. बदरपूरचे केंद्र 2018 मध्ये बंद झाले, तरी राजधानीला मिळणाऱ्या विजेचा मोठा भाग अन्यत्र जळणाऱ्या कोळशातूनच येतो. अशा प्रत्येक युनिटामागे सुमारे एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. शिवाय टाकीत साठविलेल्या पाण्याची उष्णता सतत गळत राहते. ऊर्जा दक्षता ब्यूरोचे तारे या गळतीचेच माप सांगतात. तेव्हा तारे कितीही असोत, गिझर रात्रभर चालू ठेवणे हा अपव्ययच होय.

गॅस घरातच जळतो, त्यामुळे वाटेतली हानी टळते. वरील पाण्यासाठी स्वयंपाकाचा गॅस सुमारे 285 ग्रॅम लागतो, 14.2 किलोचे सिलिंडर पन्नास दिवस पुरते आणि कार्बन डायऑक्साइड रोज एक किलोहूनही कमी निघतो. पण येथे धोका निराळा आहे. जुन्या घरांतील तांब्याचा बंब अंगणात वा पडवीत पेटे. त्याचा धूर उघड्यावर जाई. बंद न्हाणीघरात गॅस जळू लागला, की प्राणवायू कमी पडून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, गंध नाही. माणूस सावध होण्यापूर्वीच बेशुद्ध पडतो. म्हणून गॅस गिझर न्हाणीघराबाहेर, वाहत्या हवेतच बसवावा. काटकसरीपायी प्राण पणाला लावू नयेत.

उष्णता-पंप हवेतील उष्णता ओढून पाण्याला देतो; तीन युनिटांचे काम साधारण एका युनिटात होते. कडाक्याच्या थंडीत हा लाभ घटतो, आणि यंत्राची किंमतही बरीच असते.

उरला सूर्य. 100 लिटर पाण्यासाठी सुमारे दोन चौरस मीटर संग्राहक पुरतो. मोठ्या इमारतींना सौर यंत्रणा सक्तीची करण्याचा आदेश दिल्ली शासनाने 2006 मध्ये काढला. परंतु पाण्याची गरज सर्वाधिक असते त्याच दिवसांत धुके पडते, म्हणून विजेची जोड ठेवावी लागते. कूपनलिकेच्या जड पाण्याने तांब्याच्या बारीक नळ्यांत क्षार साचतात. तेथे काचेच्या निर्वात नळ्या अधिक सोयीच्या. आणि सदनिकेत राहणाऱ्याला गच्ची स्वतःची नसते. त्याने शेजाऱ्यांशी विचारविनिमय करूनच हा मार्ग धरावा.

तात्पर्य, स्वतःची गच्ची असणाऱ्याने सूर्याला प्रथम स्थान द्यावे. इतरांनी खरेदीची किंमत व वर्षानुवर्षांचे बिल यांची बेरीज करून निवड करावी. कोणतेही साधन असो, एक बादली कमी तापविणे ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत स्वच्छ बचत होय.