आलेख वाचताना विचारायचे तीन प्रश्न



कलनशास्त्राची ओळख झाली की आपली बरीच मुले सूत्रे पाठ करू लागतात, आणि विषय कायमचा परका होतो. पुढे अभियांत्रिकी, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र या वाटांवर हाच विषय पुन्हा भेटतो. म्हणून येथे घाबरून मागे फिरणे महागात पडते. वास्तविक सीमा, सातत्य आणि विकलनीयता या तिन्ही कल्पना आधी आलेखावर बोट ठेवून समजून घेता येतात. त्यासाठी तीन प्रश्न क्रमाने विचारावेत.

पहिला प्रश्न सीमेचा. बिंदूकडे आलेखावरून एक बोट डावीकडून व एक उजवीकडून सरकवा. दोन्ही एकाच उंचीजवळ येतात काय? येत असतील तर ती उंची म्हणजे सीमा. खुद्द त्या बिंदूवर काय आहे, याच्याशी तिला कर्तव्य नाही. (क्ष² − १) ÷ (क्ष − १) हे फल क्ष = १ असताना निश्चित होत नाही; आलेखात तेथे पोकळ वर्तुळ दाखवतात. तरीही सीमा २ आहे. याउलट, क्षपेक्षा मोठा नसलेला सर्वांत मोठा पूर्णांक देणाऱ्या फलाचा आलेख पायऱ्यांसारखा असतो. क्ष = २ जवळ डावीकडून उंची १, उजवीकडून २. तेथे सीमा नाही.

दुसरा प्रश्न सातत्याचा. सीमा मिळाली, पण बिंदूवरील भरीव ठिपका त्याच उंचीवर आहे काय? असेल तरच फल तेथे सतत.

तिसरा प्रश्न विकलनीयतेचा. आलेख सतत आहे. पण तेथे टोक आहे काय? क्षच्या केवल मूल्याच्या आलेखात शून्यापाशी टोक येते. डावीकडे चढ −१, उजवीकडे +१. दोन्ही जुळत नाहीत, म्हणून विकलज नाही. क्षच्या घनमुळाला शून्यापाशी टोक नाही, पण तेथील स्पर्शिका उभी आहे. तिचा चढ संख्येत सांगता येत नाही. तेथेही विकलज नाही. लक्षात ठेवा, विकलनीय फल सतत असतेच. सतत फल विकलनीय असेलच असे नाही.

मात्र डोळ्यांवर सर्वस्वी विसंबू नका. १८७२ साली कार्ल वायरश्ट्रास यांनी बर्लिनच्या अकादमीपुढे असे फल मांडले, की जे सर्वत्र सतत आहे, पण एकाही बिंदूवर विकलनीय नाही. त्याचा पूर्ण आलेख कोणतीही पेन्सिल काढू शकत नाही. आलेख उत्तर सुचवतो. ते सिद्ध करते गणन.

पालकांनो, आपण गणित शिकला नसलात तरी मुलाला किंवा मुलीला आलेखावर बोट ठेवायला सांगा आणि विचारा: दोन्ही बाजू एकत्र येतात का? ठिपका तेथेच आहे का? टोक आहे का, स्पर्शिका उभी आहे का? आपल्याला समजेल असे उत्तर ज्याला देता आले, त्याचा पाया पक्का झाला.