डब्यातले कागद

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



होडीतली सर्वांत कोरडी वस्तू कोणती, असं कुणी विचारलं तर तुम्ही काय सांगाल? भाताचा डबा? आगपेटी? आमच्या वसईच्या कोळीवाड्यातला कुठलाही नाखवा सांगेल, कागद! माझ्या वडिलांकडे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. आत प्लॅस्टिकची पिशवी, त्या पिशवीत दुसरी पिशवी आणि तिच्यात बोटीचे कागद. जाळं भिजायचं, माणसं भिजायची, पण तो डबा कधी भिजला नाही. लहानपणी मला वाटायचं, बाबांचे पैसे त्यात असणार. एकदा चोरून उघडला, तर आत नुसते सही-शिक्के! फार निराश झालो होतो. आज त्या डब्याविषयीच बोलायचं आहे.

मी स्वतः समुद्रावर गेलो नाही. शिकलो आणि मास्तर झालो. पण कोळीवाड्यातला शिकलेला मुलगा म्हटला की त्याची सुटका नसते. विशीपासून आजपर्यंत मी आमच्या बंदरावरच्या लोकांचे अर्ज भरत आलो आहे.

पाणी सगळ्यांचं, मग त्यावर चालायला परवानगी कशाला, असा प्रश्न लोक मला विचारतात. मी त्यांना किल्ल्याकडे बोट दाखवतो. 23 डिसेंबर 1534 रोजी गुजरातचा सुलतान बहादूरशाह आणि पोर्तुगीज गव्हर्नर नुनो द कुन्हा यांच्यात तह झाला आणि वसई पोर्तुगीजांकडे गेली. एका बाजूने हुमायूनचं संकट असल्यामुळे सुलतानाला तो करावा लागला. त्या तहात एक कलम होतं. गुजरातच्या बंदरांतून तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या जहाजांनी आधी वसईला यायचं, पोर्तुगीजांचा परवाना घ्यायचा आणि परतताना पुन्हा वसईलाच येऊन जकात भरायची. त्या परवान्याचं नाव कार्ताझ. अरबीत कागदाला किर्तास म्हणतात, त्यावरून हा शब्द आला असं मानतात. म्हणजे परवान्याचं नावच मुळी 'कागद'!

त्या कार्ताझवर जहाजाचं नाव, तांडेल कोण, माणसं किती, हत्यारं किती, माल कोणता, जाणार कुठे, हे सगळं लिहिलेलं असे. कागद नसेल तर जहाज जप्त. मक्केला जाणाऱ्या मोगलांच्या जहाजांनाही तो घ्यावा लागे. पुढे कान्होजी आंग्र्यांनी याच किनाऱ्यावर स्वतःचं दस्तक सुरू केलं आणि परदेशी व्यापाऱ्यांना ते घ्यायला लावलं. कागद देणारा बदलला, पण कागद राहिलाच. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, पोर्तुगीज गेले. आमचा डबा मात्र अजून आहे.

आता आजच्या डब्यात काय असतं ते सांगतो. मासेमारीच्या बोटीला नोंदणी लागते. बोटीच्या कडेला मोठ्या अक्षरांत जो क्रमांक रंगवलेला दिसतो, तो त्या नोंदणीचा. त्यात देशाची आणि राज्याची अक्षरं असतात. नोंदणी म्हणजे बोट कुणाची, हे ठरलं. पण मासे मारायचे तर वेगळा परवाना हवा. तो 1981 च्या महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायद्याखाली मिळतो. पुष्कळांचा इथेच घोटाळा होतो. एक कागद आहे म्हणून ते दुसऱ्याचं नूतनीकरण विसरतात. शिवाय विमा, खलाशांची ओळखपत्रं, लाइफ जॅकेटं. डिझेलवरच्या कराचा परतावा हवा असेल तर हे सारं वेळच्या वेळी झालेलं असावं लागतं.

ओळखपत्रांची कडक तपासणी 2008 नंतर आली. त्या नोव्हेंबरात दहशतवाद्यांनी 'कुबेर' नावाची पोरबंदरची मच्छीमार बोट पळवली आणि ते मुंबईजवळ पोहोचले. तेव्हापासून बोटीत माणूस कोण, हे धक्क्यावरही विचारतात आणि समुद्रातही. सुरुवातीला आमच्या लोकांना राग आला. 'आमच्याच दर्यात आम्हालाच पुरावा मागतात?' असं म्हणत. पण 'कुबेर'चा तांडेल आणि खलाशी आपल्यासारखेच कोळी होते आणि ते परतले नाहीत, हे सांगितलं की माणसं गप्प होत.

प्रवासी बोटींचा रस्ता निराळा. वसईची खाडी आणि उल्हास नदी हा 2016 पासून कायद्याने राष्ट्रीय जलमार्ग आहे, क्रमांक 53. फेब्रुवारी 2024 मध्ये वसई-भाईंदर रो-रो सुरू झाली आणि घोडबंदरचा वळसा घालणारी वाहनं बोटीत चढू लागली. अशा बोटींची दरवर्षी पाहणी होते. किती माणसं बसवायची तो आकडा ठरलेला असतो. चालवणाऱ्याकडे लायकीचं प्रमाणपत्र हवं. डिसेंबर 2024 मध्ये मुंबई बंदरात एलिफंटाकडे निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि अनेकांचे प्राण गेले. त्यानंतर लाइफ जॅकेटांची सक्ती झाली. जॅकेट घालताना नाक मुरडणारे प्रवासी मी पाहतो, तेव्हा मला तो दिवस आठवतो.

आपल्याकडेच हे जंजाळ आहे, असं समजू नका. माझा भाचा काही वर्षं ऱ्हाईन नदीवरच्या प्रवासी बोटीच्या स्वयंपाकघरात होता. तो एक गंमत सांगायचा. निवृत्त झालेली इंग्रज जोडपी छोट्या बोटी घेऊन फ्रान्स, हॉलंड, जर्मनीच्या कालव्यांतून फिरत असतात. घरी, इंग्लंडच्या कालव्यात, स्वतःची बोट चालवायला चालकाचं लायसन्स लागत नाही. बोटीचा परवाना, विमा आणि सुरक्षेचा दाखला असला की झालं. पण खाडी ओलांडून पलीकडे गेलं की बोटीच्या नोंदणीचा कागद, कर भरल्याचा पुरावा, विमा, वायरलेसचा परवाना आणि चालवणाऱ्याचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी नदीवरचे दिवे, भोंगे आणि पाट्या यांची 'सेव्हनी' नावाची परीक्षा असते. सत्तरीचे आजोबा बोटीच्या टपावर बसून शाळकरी मुलासारखे पाट्या पाठ करताना भाच्याने पाहिले आहेत.

ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर त्यात भर पडली. 2021 च्या सुरुवातीपासून त्यांना 180 दिवसांत 90 दिवसच तिथे राहता येतं. आणि ज्या बोटीचा कर युरोपात भरलेला नाही, तिला साधारणपणे 18 महिने. म्हणजे बोटीला मुक्काम जास्त, मालकाला कमी! मालक घरी जातो, बोट कालव्यात बांधून राहते.

तरी त्या नदीची एक गोष्ट घेण्यासारखी आहे. ऱ्हाईन कितीतरी राज्यांतून वाहते. पूर्वी प्रत्येक जण आपापली जकात घ्यायचा. 1815 च्या व्हिएन्ना परिषदेने त्या नदीसाठी एक सामाईक आयोग नेमला आणि 1868 च्या मॅनहाइम करारानं मुक्त जलवाहतुकीचं तत्त्व पक्कं केलं. नियम पुष्कळ, पण नदीभर सारखे. आपल्याकडे अंतर्देशीय बोटींचा कायदा 1917 चा होता. एका राज्यातली बोट दुसऱ्या राज्यात न्यायची तर पुन्हा परवानगी. 2021 च्या नव्या कायद्यानं एका राज्याची नोंदणी देशभर मान्य केली. उशिरा का होईना, शहाणपण आलं.

आता माझ्या घरची गोष्ट सांगतो. सांगायला लाज वाटते, पण सांगतो.

2019 च्या दिवाळीनंतर बाबा गेले. बोट दादा चालवत होता. त्यानं मला सांगितलं, 'कागदावरचं नाव बदलून घे.' मी आईजवळ विषय काढला. ती म्हणाली, 'माणूस गेला, आता नावपण काढतोस? बोट पाण्यावर चालते, कागदावर नाय.' मला पुढे बोलवेना. म्हटलं, बघू. मग मार्चमध्ये टाळेबंदी आली, कचेऱ्या बंद झाल्या, आणि 'बघू'चं वर्ष उलटलं.

17 मे 2021 ला तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्यावरून गेलं. बोट नांगरलेली होती. दोर तुटला, ती दगडांवर आपटली आणि एका बाजूची फळी फाटली. पंचनामा झाला. मदत जाहीर झाली. यादीत नाव बाबांचं, आणि ते घ्यायला बाबा नव्हते. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, आईची आणि दोन्ही बहिणींची संमती, सोसायटीचं पत्र. एक कागद आणला की दुसरा उणा. कचेरीतला माणूस वाईट नव्हता. तो म्हणाला, 'मास्तर, मी पैसे कुणाच्या खात्यात घालू?' याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. फाईल पुरी झाली तेव्हा मदतीची मुदत संपली होती.

दादानं मासळीच्या व्यापाऱ्याकडून उचल घेऊन बोट दुरुस्त केली. त्याबदली पुढच्या दोन हंगामांची मासळी तो सांगेल त्या भावाला त्यालाच घालावी लागली. साऱ्या कोळीवाड्याचे अर्ज भरणाऱ्या मास्तरानं स्वतःच्या घरचा एक अर्ज भरला नाही, त्याची ही किंमत. दादा मला एका शब्दानं बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

म्हणून सांगतो. पोर्तुगीजांचा कागद त्यांच्या तिजोरीसाठी होता. आजचा कागद तुमच्या बायकामुलांसाठीही आहे, पण त्यावरचं नाव जिवंत माणसाचं असेल तरच. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना समुद्र बंद असतो. जाळी विणायला बसता, तेव्हा एक दुपार डब्यासाठी काढा. नोंदणी कुणाच्या नावावर आहे, परवान्याची आणि विम्याची मुदत कधी संपते, खलाशी बदलले असतील तर त्यांची ओळखपत्रं आहेत का, एवढं बघा. घरातलं माणूस गेलं तर तेराव्यानंतर बोटीच्या नावाचं काम आधी करा. त्यात गेलेल्याचा अपमान नाही. आणि कचेऱ्यांनाही हात जोडून सांगणं आहे. कुठला कागद कधी लागतो, त्याची एक यादी सोप्या मराठीत प्रत्येक धक्क्यावर लावा. माझ्यासारख्या मास्तराची गरजच उरू नये.

आमच्या बोटीची नोंदणी आता आई आणि दादा, दोघांच्या नावावर आहे. आईनं सही करताना विचारलं, 'यांचं नाव कुठं गेलं?' मी तिला जुन्या नोंदणीची प्रत दाखवली. ती तिनं घडी करून त्याच डब्यात, सगळ्यात खाली ठेवली. डबा आता तीच सांभाळते. बोट निघण्याआधी दादाच्या हातात देते आणि परत आल्यावर मासळीच्या आधी तोच मागते.