जाहिरात, मूल आणि आपण
(नाशिक येथील कौटुंबिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



जाहिरात ही माल खपविण्याची युक्ती आहे, एवढेच आपण समजतो. परंतु कोणता रंग सुंदर आणि कोणाचे कोणाशी नाते शोभते, हेही ती आपल्या मुलांना शिकवीत असते. म्हणून आज हा विषय मी आपणांपुढे मांडीत आहे.

२०१३ साली अमेरिकेत चीरिओज या न्याहारीच्या पदार्थाची एक जाहिरात निघाली. तीत आई गोरी, वडील कृष्णवर्णीय आणि त्यांची लहान मुलगी, एवढेच कुटुंब होते. तेवढ्यावरून यूट्यूबवर इतके विषारी अभिप्राय आले की, कंपनीला तेथील अभिप्रायांची सोय बंद करावी लागली. पुढे हीच जाहिरात काही मुलांना दाखवून, लोक का संतापले असतील, असे विचारण्यात आले. बहुतेकांना कारण सुचेना. आणि कारण सांगितल्यावर ती चकित झाली. ज्या देशात मिश्रवर्णीय विवाहावरील बंदी सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली रद्द केली, तेथील या मुलांना त्यात केवळ एक कुटुंब दिसले. कंपनीही डगमगली नाही. २०१४ मध्ये तिने त्याच कुटुंबाची दुसरी जाहिरात दाखविली.

आपल्याकडे काय घडले? ऑक्टोबर २०२० मध्ये तनिष्कच्या जाहिरातीत मुस्लिम सासर हिंदू सुनेचे डोहाळेजेवण करते, असे दाखविले होते. गदारोळ होताच, कर्मचाऱ्यांच्या सुरक्षिततेचेही कारण देऊन, ती मागे घेण्यात आली.

परंतु मुले निरागस असतात, म्हणून आपण निश्चिंत राहू नये. केनेथ व मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ दांपत्याने कृष्णवर्णीय बालकांपुढे गोऱ्या व काळ्या बाहुल्या ठेवल्या, तेव्हा बहुसंख्य बालकांनी गोरी बाहुली पसंत केली. शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरविणाऱ्या १९५४ च्या ब्राउन खटल्याच्या निकालपत्रात क्लार्क यांच्या संशोधनाचा उल्लेख आहे. स्वतःच्याच रंगाची लाज ही जन्मजात नसते. ती भोवतालचा समाज शिकवितो.

आपल्या देशात १९७५ पासून ‘फेअर अँड लव्हली’ हे मलम विकले गेले. गोरी झाली की नोकरी मिळते, लग्न जुळते, असे त्याच्या जाहिराती सांगत. सावळ्या माणसास हीन दाखवू नये, असा नियम जाहिरात मानक परिषदेने २०१४ मध्ये केला. मलमाच्या नावातील ‘फेअर’ हा शब्द २०२० मध्ये गेला. शादी डॉट कॉमनेही त्याच वर्षी वर्णानुसार स्थळे निवडण्याची सोय काढून टाकली.

आता आपणांस एक प्रश्न विचारतो. आपल्या घरातून निघणाऱ्या जाहिरातीचे काय? ‘बौद्ध, गोरी, अमुक पोटजातीची वधू पाहिजे’ हा मजकूर आपणच लिहितो आणि घरातील सावळी मुलगी तो वाचते. धर्मांतर केले, पण पोटजात आणि रंग बायोडाट्यात ठेवलाच! बाबासाहेबांनी १९३६ साली आंतरजातीय विवाह हा जातिनाशाचा खरा उपाय म्हणून सांगितला. अस्पृश्यांवरील १९४८ च्या ग्रंथात तर, ब्राह्मण व अस्पृश्य हे भिन्न वंशाचे नाहीत, असे त्यांनी शरीरमापनाच्या आधारे मांडले. मग रंगावरून माणसाची किंमत करण्यास आपल्यापाशी कोणता आधार उरतो?

हे नाशिक आहे. येथे काळ्या पाषाणाच्या मूर्तीपुढे लोक हात जोडतात आणि घरी येऊन गोरी सून शोधतात. त्याच काळाराम मंदिराच्या दारी १९३० मध्ये आपल्या वाडवडिलांनी समतेसाठी सत्याग्रह केला.

घटनेचे पंधरावे कलम राज्यसंस्थेला, तसेच दुकाने, उपाहारगृहे, विहिरी अशा सार्वजनिक ठिकाणी भेदभाव करण्यास मनाई करते. आपल्या स्थळाच्या जाहिरातीपर्यंत ते पोहोचत नाही. तेथील जबाबदारी आईबापांची आहे. म्हणून बायोडाट्यातून रंग आणि पोटजात खोडा. ‘उन्हात जाऊ नकोस, काळी पडशील’ हे बोलणे घरात बंद करा. मुलाबरोबर जाहिरात पाहताना त्याला विचारा, ‘यात आपल्यासारखे कोण दिसते? कोण दिसत नाही?’ त्याचे उत्तर शांतपणे ऐका. तसेच मिश्र विवाहाच्या घरातील मूल आपल्या अंगणात खेळावयास आले, तर त्याची जात विचारू नका. आपल्या मुलाच्या शेजारी त्यालाही ताट वाढा. या एका ताटाने मुलाला समतेचा जो धडा मिळेल, तो माझ्या व्याख्यानाने मिळणार नाही.