विडी न ओढणाऱ्यांचा श्वासरोग

जो विडी ओढीत नाहीं त्याचीं फुप्फुसें निर्धोक, असा आपला सर्वसाधारण समज असतो. या समजाची प्रयोगानें पारख करणाऱ्या महाराष्ट्रांतील एका वैद्यक-संशोधकाची हकीकत आज निवेदन करावयाची आहे.

डॉ. संदीप साळवी यांनीं पुण्यांत वैद्यकाचें शिक्षण घेतलें व पुढें ते इंग्लंडांतील साउदॅम्प्टन विद्यापीठांत संशोधनासाठीं गेले. रोगी तपासणें ही एक विद्या. रोगाचें कारण सिद्ध करणें ही दुसरी. प्रा. स्टीफन होलगेट प्रभृति तज्ज्ञांच्या सहकार्यानें केलेला त्यांचा प्रयोग १९९९ सालीं प्रसिद्ध झाला. १५ निरोगी माणसांना एकदां शुद्ध हवेंत व एकदां डिझेलच्या विरल धुरांत, एकेक तास ठेवण्यांत आलें. सहा तासांनीं दुर्बिणीनें त्यांच्या श्वासनलिका पाहिल्या. नळींत फुंकर मारण्याची नेहमींची परीक्षा निर्दोष निघाली. परंतु नलिकांच्या अस्तरांत दाहाच्या पेशी वाढलेल्या होत्या! नाशकांतून जाणाऱ्या मुंबई-आग्रा हमरस्त्यालगत दिवस काढणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें.

पुढें पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनमध्यें काम करीत असतां, २००९ सालीं त्यांनीं लंडनचे प्रा. पीटर बार्न्स यांजसह 'लॅन्सेट' या नियतकालिकांत एक लेख लिहिला. त्या वेळीं जगांत सुमारें १ अब्ज लोक धूम्रपान करीत. परंतु लांकूड, गोवऱ्या व पालापाचोळा यांच्या धुराशीं सुमारें ३ अब्ज लोकांचा संबंध येई, असें त्यांनीं त्यांत मांडलें.

पेठ-सुरगाण्याकडील एखाद्या पाड्यावर जन्मभर चुलीपुढें बसलेल्या माउलीनें विडी हातीं धरिली नसेल. तरी तिची धाप खरी असते. या रोगांत नलिका अरुंद होतात, वायुकोश झिजतात, आणि ती झीज भरून येत नाहीं. म्हणूनच 'विडी ओढतां काय?' एवढेंच विचारून वैद्यानें थांबूं नये. 'स्वयंपाक कशावर करतां?' हेंही विचारावें. आणि वैद्य न विचारील तर आपण होऊन सांगावें. धाप हा वयाचा धर्म नव्हे. घरांतील धुरास वाट करून देणें, हा मात्र गृहस्थाचा धर्म खास आहे.